आंघोळीआधीचा घास

देवासमध्ये मला ‘मछलीवाली ताई’ म्हणतात. या नावामुळे आठवड्यातून एक तरी माणूस पिशवी घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहायचा आणि विचारायचा, “ताई, रोहू क्या भाव?” मी म्हणायचे, “भिया, ये देखने की मछली है, खाने की नहीं.” एकदा एका गृहस्थांनी गोल्डफिशच्या टाकीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “देखने में तो खाने जैसी ही लग री है.” त्यांना मी चहा पाजला. पुढे त्यांनी दोन टाक्या घेतल्या आणि कुणाला खाल्लं नाही.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. आमचे हे कारखान्यात नोकरीला. मी दोन टाक्यांपासून सुरुवात केली आणि अठ्ठावीस वर्षं हेच केलं. लोकांच्या घरी टाकी लावायची, महिन्या-पंधरा दिवसांनी जाऊन पाणी बदलायचं, फिल्टर धुवायचा. स्कूटीवर पुढे बादली, मागे पाइप. ज्या गावात एकेकाळी प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथे माशांसाठी पाणी ओतते म्हणून सासूबाईंची बोलणी पहिली पाच वर्षं खाल्ली.

मासे सांभाळायचं काम म्हणजे खरं तर पाणी सांभाळायचं काम. मासा खातो त्या पाण्यातच आणि बाकीचंही सगळं करतो त्या पाण्यातच. ती घाण डोळ्यांना दिसत नाही, पण चार दिवसांत तिचं विष होतं. ते विष पचवणारे सूक्ष्म जीव फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत वस्तीला येतात, आणि त्यांना यायला महिना लागतो. गिऱ्हाइकाला मात्र मासे त्याच संध्याकाळी हवे असतात, कारण मुलाचा वाढदिवस असतो. बरं, महिनाभर दम धरून जमवलेली वस्ती लोक दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांच्या साबणाने घासून काढतात. पाडव्याला माझा फोन जेवढा वाजायचा तेवढा वर्षभरात वाजत नसे. “ताई, टंकी एकदम चकाचक की थी, फिर भी मर गई.” चकाचक केली म्हणूनच मेली, हे सणाच्या दिवशी कसं सांगणार? मी म्हणायचे, “होता है, भिया.”

लोहारदा गावातल्या एका मराठी घराने तर शाडूचा वीतभर गणपती टाकीतच विसर्जित केला. सूनबाईंनी फोनवर सांगितलं, “नदी खराब व्हायला नको ना, म्हणून घरच्या घरी केलं. तुम्हीच तर म्हणाला होतात, टाकीचं पाणी सगळ्यात स्वच्छ असतं.” मी बसने पोचले तोवर टाकीत ताक भरल्यासारखं दिसत होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. बादल्यांवर बादल्या उपसल्या. मासे वाचले. पण उपसलेलं पाणी मला मोरीत ओतू देईनात, त्यात बाप्पा होते. सगळ्या बादल्या जास्वंदीच्या मुळाशी नेऊन ओतल्या, मागून घरातली माणसं ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत होती. मी सूनबाईंना सांगितलं, पुढच्या वर्षी बादलीत या म्हणा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एक काम असं आहे की ते मला अजून खुपतं, आणि त्याच कामाचा मला सगळ्यांत जास्त अभिमानही आहे. ते धारचं.

धारला नाना आणि काकू राहतात. माझे नात्याचे नव्हेत, गिऱ्हाईक. नाना आता शहात्तर वर्षांचे. त्यांची सगळी नोकरी धरमपुरीला नर्मदेच्या काठावर झाली. नदीची पातळी मोजायचं काम. काठावर आकडे लिहिलेला खांब असतो. दिवसातून तीन वेळा जाऊन पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. पुरात, थंडीत, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. पुढे खाली धरण झालं, त्याचा फुगवटा धरमपुरीपर्यंत आला आणि नदी तिथे थांबल्यासारखी झाली. नाना म्हणायचे, “आकडा तोच लिहायचा, पण पाण्याचा आवाज गेला हो.”

माझ्याकडून त्यांनी साधी टाकी घेतली होती, त्यात साधेच मासे. एक दिवस मोबाइल पुढे धरून म्हणाले, “सुनंदाबाई, हा आणता येईल का?”

बोटभर लांबीचा मासा. अंगावर पांढरेशुभ्र आणि काळेभोर पट्टे, चेहऱ्यावर ते वळून असे गेलेले की कुणीतरी बारीक कुंचल्याने बसून काढलेत असं वाटावं. झेब्रा प्लेको. दक्षिण अमेरिकेत ब्राझील देशात शिंगू नावाची नदी आहे, तिच्या एका वळणावर, खडकांच्या कपारींत हा राहतो. जगात दुसरीकडे कुठे नाही. आणि त्या वळणावरच धरण झालंय.

“त्याला वाहतं, ऊन ऊन पाणी लागतं म्हणे,” नाना म्हणाले. “त्याची नदी थांबवली. आपण त्याला चालती नदी देऊ. टाकीएवढी का होईना.”

मी इतकी वर्षं मासे विकले, पण माशाच्या नदीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

त्या देशातून हे मासे बाहेर काढायला बंदी आहे. पण आपल्याकडे काही शौकीन घरच्या टाकीत त्यांची वीण करतात. कलकत्त्याचे असे एक दादा शोधून काढले. किंमत इथे लिहीत नाही, कारण काकूंना ती अजून माहीत नाही आणि काकू हा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

आता काकू. काकूंचं सगळं सोवळ्यातलं. पहाटे पाचला आंघोळ, मग पूजा, नैवेद्य, आणि पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नाही. टाकी बैठकीत, आणि बैठकीला लागूनच देवघर. नवे मासे येणार म्हटल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. देवघरात तांब्याचा, तोंड बंद केलेला नर्मदेच्या पाण्याचा गडू असतो, तो पुढे सरकवला.

“सुनंदा, हे काय खातात?”

“काई, म्हणजे शेवाळ, खातात काकू. काकडी, पालक. शाकाहारी आहेत.”

“माझ्या घरात जिवाला जीव खाऊ घालायचा नाही. हात ठेव नर्मदेवर आणि सांग.”

मी हात ठेवला आणि सांगितलं. खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे सगळ्या टाक्यांत एक काळा, खरखरीत मासा असतो, काचेला तोंड चिकटवून काई खातो. त्याला आम्ही सकर म्हणतो. तोही दक्षिण अमेरिकेचाच. माळव्यात निम्मी गिऱ्हाइकं शाकाहारी, म्हणून आम्ही दुकानदार त्याला ‘शाकाहारी मछली’ म्हणूनच विकतो. हा त्याचाच भाऊबंद, तोंड तसंच, मग खाणंही तसंच असणार, असं मी धरून चालले. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्याचा माज, दुसरं काय. खोक्यात दादांनी सूचनांचा इंग्रजी कागद घातला होता. त्यातलं तापमान तेवढं मी वाचलं, कारण नाना तेवढंच विचारत होते. बाकीचा कागद पर्समध्ये गेला आणि तिथेच राहिला.

टाकी मात्र आम्ही अशी लावली की अजून आठवलं तरी बरं वाटतं. धारच्या बोरिंगचं पाणी जड, नळाच्या तोटीवर पांढरी पुटं धरतात. ते आरओ मशीनच्या पाण्यात मिसळून हलकं केलं. एका बाजूने मोटर लावली, तिचं पाणी दगडांवरून खळाळत दुसऱ्या बाजूला जाई. हीटर लावून पाणी एकोणतीस अंशांवर ठेवलं. कपारी हव्या होत्या, म्हणून देवासच्या कुंभाराकडून एका बाजूने बंद अशा बोटभर रुंदीच्या मातीच्या नळ्या करून घेतल्या. तो हातात फिरवत म्हणाला, “ताई, ये तो चिलम हुई. मछली पिएगी क्या?” शेवटी काकूंनी पूजेच्या पंचपात्रातलं पळीभर नर्मदेचं पाणी टाकीत सोडलं. एवढ्या पाण्यात एका पळीने काय होणार? मी नको म्हटलं नाही. आणि नाना आवाज ऐकत बसले. डोळे मिटून.

श्रावणात चार मासे आले. ते उजेडाला बुजतात, म्हणून काकूंनी खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. पूजा झाली की, त्याच सोवळ्याच्या हातांनी, काकू काकडीची चकती टाकीत सोडत. “देवाचा नैवेद्य झाला, आता यांचा,” म्हणत. नाना दिवसातून तीन वेळा पाण्याचं तापमान वहीत लिहीत. नोकरी परत मिळाल्यासारखे दिसत होते.

काकडी जशीच्या तशी राहायची. मी म्हणायचे, रुळतील. दसऱ्यानंतर गेले तेव्हा एक मासा मेलेला होता. काकूंनी तो केळीच्या पानाच्या तुकड्यात ठेवला होता.

“कशानं गेला गं?”

“प्रवासाचा ताण, काकू,” मी म्हटलं. अडीच महिन्यांनी प्रवासाचा ताण! पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. काकूंनी तो पारिजातकाखाली पुरला. उरलेल्या तिघांची पोटं मी टॉर्च लावून बघितली. पोटं आत गेली होती. बसस्टँडवरून दादांना फोन लावला.

“खीरा?” ते ओरडलेच. “आप उसको खीरा दे रही हैं? दीदी, ये मांस खाने वाली मछली है. कागज नहीं पढ़ा आपने?”

कागद बसमध्ये वाचला. सगळं स्पष्ट लिहिलं होतं. कोळंबी, किडे, अळ्या. एक मासा मी उपाशी मारला होता, काकूंच्या हातून.

खरं सांगायला हवं होतं तेव्हाच. पण माझी छाती झाली नाही. नर्मदेवर हात ठेवून सांगितलेलं खोटं निघालं, आता काकू मासे घराबाहेर काढतील, नानांची नदी बंद होईल, आणि मासे तर मरतीलच, असा मी मनाशी हिशेब मांडला. आणि एक वाईट गोष्ट केली. कोळंबीच्या पुडीच्या गोळ्या मिळतात, त्या आणल्या आणि शेवाळाच्या गोळ्यांच्या जुन्या हिरव्या डब्यात भरून काकूंना दिल्या. “ह्या जास्त पौष्टिक आहेत,” एवढंच म्हटलं.

पंधरा दिवसांत मासे फिरले. पोटं भरली, पट्टे चकाकायला लागले, पडद्याआड तिघं दगडांवरून पळापळ करायला लागले. काकूंचा आनंद बघवत नव्हता. “माझ्या हाताला गुण आहे बघ,” त्या म्हणायच्या. मी मान खाली घालून फिल्टर धूत बसायचे. रोज पहाटे, पूजा झाली की, सोवळ्यात, त्या माऊलीच्या हातात कोळंबी! आणि त्याच हाताने मला चहा, वर साखरेची वडी. सव्वा वर्ष मी तो चहा प्यायले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात एक नर कुंभाराच्या नळीत जाऊन बसला तो बाहेरच येईना. टॉर्च मारून बघितलं तर त्याच्या पोटाखाली केशरी मोत्यांसारखी अंडी. या माशात आई अंडी घालते आणि निघून जाते. बाप नळीच्या तोंडाशी आडवा बसून पंख हलवत राहतो, अंड्यांवरचं पाणी चालतं ठेवतो. तेवढे दिवस खात नाही म्हटलं तरी चालेल. काकू टाकीसमोर पाट टाकून बसल्या होत्या.

“हे बरं आहे बाई,” म्हणाल्या. “आमच्याकडे बाप नदीवर आकडे वाचत होते.”

नाना हसले, पण डोळे पुसत होते. आठ दिवसांनी पोटाला बलकाचं पिवळं ओझं लटकवलेली पिल्लं नळीत वळवळायला लागली. अकरा. तो बाप तेव्हाही हलला नाही. माझ्या सगळ्या धंद्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नाही. आणि दादा फोनवर म्हणाले, “दीदी, हमारे यहाँ भी इतनी आसानी से नहीं होता.” मला उड्या माराव्याशा वाटल्या आणि तोंड लपवावंसंही वाटलं.

माघात नर्मदा जयंतीला काकूंनी धरमपुरीला जायचं ठरवलं. गाडी केली, मलाही घेतलं. नर्मदेच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची इकडे जुनी रीत आहे. घाटावर बायकांची गर्दी, दिवे, नारळ, नावा. काकूंनी मोठा डबा उघडला. पहाटे आंघोळ करून, सोवळ्यात मळलेली कणीक, लहान लहान गोळ्या वळलेल्या. मी सहज एक हातात घेतली. वास आला.

“काकू, यात काय घातलंय?”

“आपल्या डब्यातल्या गोळ्या कुटून घातल्या,” काकू आनंदाने म्हणाल्या. “माझ्या लेकरांना ज्याने गुण आला ते नर्मदेच्या लेकरांनाही मिळू दे. नवस होता माझा.”

शेजारच्या एका बाईंनी विचारलं, “माताजी, इसमें क्या मिलाया? कुछ महक आ री है.”

“शुद्ध शाकाहारी है,” काकू म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “इसने नर्मदाजी पे हाथ रखके बोला है. आप भी लो, आप भी डालो.” आणि त्या बाईंच्या ओंजळीत चार गोळ्या ठेवल्या.

माझा खोटेपणा माझ्यापुरता होता तोवर मी तो गिळला होता. आता काकू स्वतःचा शब्द त्याला जोडून वाटत होत्या, आणि समोर नर्मदा. मी त्यांचा हात धरला, थोडं बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. कोळंबी आहे. मासे मांसच खातात. मला माहीत नव्हतं तेव्हा शब्द दिला, पण डबा बदलला तो जाणूनबुजून. सव्वा वर्ष झालं.

नाना मागे उभे होते. खाली बघत म्हणाले, “मला वासावरून कळलं होतं. धरमपुरीत जन्म गेला, कोळंबी ओळखतो मी.” पुढे मला कळलं की त्यांच्या वहीत, मी डबा बदलला त्या दिवशीच्या तापमानाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘खाद्य बदलले.’

काकूंनी आरडाओरडा केला असता तर मी पाय धरले असते. त्यांनी त्या बाईंकडे जाऊन हात जोडले, गोळ्या परत मागून घेतल्या. डब्याला झाकण लावलं. पायऱ्या उतरून पाण्यात हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. मग तशाच ओल्या हातांनी गाडीत बसल्या. धारला मला बसस्टँडवर उतरवलं. घरी चल, दोन घास खाऊन जा, असं आयुष्यात पहिल्यांदा त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. पिल्लांचं पिवळं ओझं केव्हाच संपलं होतं. आता त्यांना दिवसातून चार-पाचदा चिमूट-चिमूट खायला लागतं, आणि चुकलं की दोन दिवसांत जातात. नानांचे हात थरथरतात, जवळचं नीट दिसत नाही. काकू तर आता टाकीकडे बघणारही नाहीत. मी फोन केला की काकू उचलायच्या नाहीत. नाना दिवसातून तीनदा मोबाइलवर निरोप पाठवायचे, त्यांच्या सवयीप्रमाणे, एक शब्द जास्त नाही. ‘तापमान २९. पिल्ले ९ दिसली.’ ‘तापमान २८.५. पिल्ले १० दिसली.’ आकडा उतरला की मी आधीचे निरोप काढून पुन्हा बघायचे, चढला की श्वास यायचा. कोण खायला घालतंय, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

शेवटी एक दिवस पहिल्या बसने निघाले. इंदूरला गाडी बदलून धारला पोचले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. दार उघडंच होतं. या वेळेला त्या घरात उदबत्तीचा वास असतो, काकूंचं स्तोत्र चालू असतं. आज देवघरात समई लागलेली नव्हती. देव कालच्याच फुलांत बसलेले.

आणि टाकीसमोर पाटावर काकू. आदल्या दिवसाचं लुगडं, केस विस्कटलेले, कपाळ मोकळं. इतक्या वर्षांत मी त्यांना पारोशी कधी पाहिलं नव्हतं. पारोशी म्हणजे आंघोळ न झालेली; काकूंच्या घरी त्या अवस्थेत माणसाने देवघराकडे पाठ करून जायचं असतं. त्या लांब दांड्याच्या चमच्याने दगडांमधल्या फटींत पूड सोडत होत्या. चमचा दोऱ्याने टाकीशेजारच्या खिळ्याला बांधलेला. शेजारी डबा, आता मूळचा, कोळंबीचं चित्र असलेला. वर काकूंच्या अक्षरात कागद चिकटवलेला : ‘सामिष. स्वयंपाकघरात नेऊ नये.’

“आलीस?” वळून न बघता म्हणाल्या. “लांबच बस. माझी आंघोळ व्हायचीय.”

मी उंबऱ्याशी बसले. दिवसभराची रीत त्यांनी मला काचेकडे बघतच सांगितली. पहाटे उठल्या उठल्या एक घास, साडेआठला दुसरा. दोन्ही पारोशाने. मग आंघोळ, मग पूजा. दुपारचं आणि संध्याकाळचं नाना घालतात, काकू पाच पावलांवर उभं राहून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ सांगतात. सोवळं मोडत नाही आणि पिल्लंही उपाशी राहत नाहीत.

“पण मग देवाचं?” मी विचारलं. “तुमचा चहा?”

“देवाचं नऊला. चहा त्याच्यानंतर.” पाचला आंघोळ करणारी बाई, पूजेआधी पाणी न पिणारी. रोज चार तास तशीच.

“काकू, देवाला थांबवलंत तुम्ही?”

आता त्या वळल्या. “देवाला कुणी अडीच महिने उपाशी ठेवलं नव्हतं. यांना तू ठेवलंस.”

त्यांनी चमचा खिळ्याला अडकवला.

“मला फसवलंस त्याचा राग आला होता. गेला तो,” काकू म्हणाल्या. “पण माझ्या हातची काकडी बघत बघत तो एक मेला, ते मी कशी विसरू? रोज नैवेद्य म्हणून टाकत होते गं मी. बसमध्ये कागद वाचलास, तेव्हा उतरून परत का नाही आलीस? मला विचारायचंस. हे पारोशाचं मी त्याच दिवशी केलं असतं. तुला वाटलं, म्हातारी सोवळ्यापायी जीव घेईल.”

तेच वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या घरात जाऊन मी पाणी पारखलं, पाण्याचं जडपण, आंबटपण, सगळं. माणूस पारखायला चुकले, आणि ते चुकले सगळ्यांत चांगल्या माणसाच्या बाबतीत. मी उंबऱ्यावर बसून रडले. काकूंनी रडू दिलं. त्यांना जवळ येता येत नव्हतं, आंघोळ व्हायची होती.

पिल्लं अकराच्या अकरा होती. नानांना एका वेळी सगळी कधी दिसली नाहीत, एवढंच. काड्यापेटीच्या काडीच्या निम्म्या लांबीची, आणि तेवढ्यातही पट्टे अगदी बापासारखे. आज त्यांतली काही दादांकडे आहेत, काही नानांकडेच. दुकान मी बंद केलं, सर्व्हिसिंग सोडलं. ही एक टाकी तेवढी ठेवलीय. महिन्यातून एकदा पहिल्या बसने जाते, पाणी बदलते. काकू अजूनही नऊला पूजेला बसतात.

त्या दिवशी काकू आंघोळ करून आल्या, पूजा केली, समई लावली. नैवेद्य झाला. मग मला आत बोलावलं, अगदी पहिल्या दिवसासारखं, आणि गडू पुढे सरकवला.

“दिलेला शब्द परत घे. मग चहा टाकते.”

मी हात ठेवला. गडू बंद असतो, हाताला पाणी लागत नाही, नुसतं गार तांबं लागतं.

“काकू,” मी म्हटलं, “हा मासा मांस खातो.”

काकूंनी बैठकीतल्या टाकीकडे एकदा बघितलं.

“खाऊ दे,” म्हणाल्या.